उत्सर्जन कमी आहे हे सिद्ध करायचे, पण वीजबिल दाखवायचे नाही : ब्लॉकचेनने हे जमेल का?

पुठ्ठेवाला (कुंडई)

नमस्कार मंडळी. कुंडई औद्योगिक वसाहतीत माझा खोक्यांचा छोटा कारखाना आहे. तीन प्लाय, पाच प्लाय दोन्ही करतो. बहुतेक माल वेर्ण्याच्या औषध कंपन्यांना जातो. त्यातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून नुकतीच एक एक्सेल फाईल आली. वर्षभराची वीजबिले, जनरेटरचे डिझेल, बॉयलरमध्ये काय जाळता आणि किती, क्राफ्ट पेपर कुठल्या मिलचा, महिन्याला एकूण किती टन माल काढला आणि त्यातला आम्हाला किती दिला, हे सगळे भरून द्यायचे. विचारले तर म्हणाले, आम्हाला स्कोप ३ चा, म्हणजे पुरवठादार आणि वाहतुकीसारख्या आमच्या कारखान्याबाहेरच्या उत्सर्जनाचा, हिशेब द्यायचा आहे.

हेतूबद्दल माझी तक्रार नाही. उलट मी फर्नेस ऑइल सोडून बॉयलर काजूच्या टरफलांच्या पेंडीवर आणला, छपरावर सौर पॅनेल बसवली. त्याचे श्रेय कुणी देत असेल तर मला हवेच आहे. पण खरेदी खात्यातला माणूस हा तक्ता कसा वाचेल ते बघा. टनामागे विजेचे युनिट आणि टनामागे इंधन कळले की माझा कन्व्हर्शन खर्च, म्हणजे कागदाचे खोके करण्याचा खर्च, कळला. मिल कळली की रिळाचा भाव कळला. माझ्या दरातून हे दोन्ही वजा केले की माझा नफा त्यांच्या टेबलावर. एकूण टनांतून त्यांचे टन वजा केले की बाकीच्या गिऱ्हाइकांना माझा किती माल जातो तेही. दर ठरवायला बसताना माझ्या हातात काय उरते मग?

माझा मुलगा म्हणतो की ब्लॉकचेनमध्ये आकडा न दाखवता तो कमी आहे हे सिद्ध करता येते, आणि सिद्ध झाले की बक्षीस आपोआप जमा होते. हे खरे आहे का? जाणकारांनी सविस्तर सांगावे. थोडक्यात नको, मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

---

मांडवीकाठ (पर्वरी)

मुलाने बरोबर सांगितले आहे, पण अर्धेच. मी याच क्षेत्रात प्रोग्रॅमिंग करतो, म्हणून जरा लांबवतो.

आकडा न दाखवता त्याच्याबद्दलचे विधान सिद्ध करण्याची कल्पना शाफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये मांडली. तिला झिरो नॉलेज प्रूफ म्हणतात. बरीच वर्षे ती कागदावरच होती. २०१६ मध्ये झेडकॅश नावाच्या चलनात ती रोजच्या वापरात आली, आणि आता साध्या लॅपटॉपवरही असे प्रूफ तयार होते.

तुमच्या बाबतीत ते असे चालेल. दर महिन्याचे युनिट, डिझेल आणि टन हे आकडे तुमच्याच संगणकात राहतील. साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेन या अनेकांनी मिळून ठेवलेल्या आणि मागून न बदलणाऱ्या सामाईक वहीवर, जाईल ती फक्त त्यांची बांधिलकी, ज्याला आम्ही कमिटमेंट म्हणतो. निविदेचा लाखबंद लखोटा जसा आत काय आहे ते सांगत नाही, पण नंतर आतला कागद बदलूही देत नाही, तसे. वर्षअखेर तुम्ही एक प्रूफ काढता. ते म्हणते : या बारा लखोट्यांतले युनिट गुणिले वीजजाळ्याचा गुणांक, अधिक डिझेलचे लिटर गुणिले २.६८ किलो, या बेरजेला टनांनी भागले तर उत्तर ठरलेल्या मर्यादेच्या खाली येते. गिऱ्हाइकाला "होय" एवढेच कळते. प्रूफ असते काहीशे बाइटांचे, आणि ते तपासायला क्षणभर लागतो. भारतीय वीजजाळ्याचा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी प्रसिद्ध करते. सध्या तो युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे.

इथे एक खाचखळगा आहे. नवखे लोक आकड्याचा नुसता हॅश, म्हणजे त्या आकड्यापासून गणिताने काढलेला ठसा, काढून साखळीवर टाकतात आणि माहिती लपली असे समजतात. तुमच्या कारखान्याचे महिन्याचे युनिट शून्य ते एक लाखाच्या मध्येच कुठेतरी असणार. एक लाख आकड्यांचे हॅश काढून तुमच्याशी जुळवायला लॅपटॉपला एक सेकंदही लागत नाही. त्यामुळे प्रत्येक आकड्यासोबत एक लांबलचक यादृच्छिक संख्या मिसळायलाच हवी आणि ती तुमच्याकडेच राहायला हवी. उद्या कुणी "आमच्या ब्लॉकचेनवर तुमचा डेटा सुरक्षित आहे" असे सांगत आला, तर पहिला प्रश्न हा विचारा.

---

उसगाव तिस्क

वाचले. समजले तेवढे समजले. माझे तीन ट्रक आहेत, पूर्वी खनिज वाहायचो. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीझांचे नूतनीकरण रद्द केल्यावर परत बंद. तेव्हापासून मालवाहतूक. पुठ्ठेवाले बाब, तुमच्यासारख्यांचीच खोकी नेतो.

माझा प्रश्न सरळ आहे. बक्षीस देणार कोण? आजवर वरून जे जे आले, जीपीएस लावा, नवीन गाडी घ्या, पीयूसी दाखवा, त्याचा खर्च गाडीवाल्याने केला. भाडे तेच राहिले.

---

म्हादईची लेक (वाळपई)

उसगावच्या भाऊंचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यावर कुणीतरी लिहाच. मी ऊर्जा लेखापरीक्षण करते, म्हणून माझ्या बाजूचे सांगते.

मांडवीकाठ यांनी लखोट्याचे सांगितले. लखोट्यात खोटा आकडा घातला तर गणित खोट्या आकड्याचेही बिनचूक प्रूफ काढून देईल. साखळी एवढेच सांगते की जे लिहिले ते नंतर बदलले नाही. जे लिहिले ते खरे होते का, हे तिला ठाऊक नसते. ते मीटरपाशी उभे राहूनच ठरते.

मीटरपाशी काय दिसते ते ऐका. एका कारखान्यात बॉयलरच्या इंधनाची नोंद वहीत होती, "आज ४० पोती". पोते किती किलोचे? कामगार म्हणाला पन्नासचे. वजनकाट्यावर ठेवले तर कोरडे पोते बेचाळीस भरले, आणि पावसात भिजलेले पंचावन्नच्या वर गेले, म्हणजे वरचे सगळे पाणी. वर्षभराच्या हिशेबात हा फरक मर्यादेच्या या बाजूचा माणूस त्या बाजूला नेऊन ठेवतो. क्रिप्टोग्राफीवर खर्च करण्याआधी प्लॅटफॉर्म काटा घ्या, ओलावा मोजण्याचे साधन घ्या, कोरुगेटरला, म्हणजे पुठ्ठा बनवणाऱ्या यंत्राला, वेगळा सबमीटर बसवा.

दुसरा मुद्दा टरफलांचा. जीएचजी प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या नियमावलीप्रमाणे जैवइंधन जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड स्कोपच्या बाहेर वेगळा दाखवतात. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र स्कोप १ मध्येच, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या थेट उत्सर्जनात, धरतात. त्यामुळे फर्नेस ऑइल सोडून टरफलांवर आलेल्या कारखान्याचा आकडा एकदम खाली दिसतो. पण टरफलात तेल असते. काजू भाजताना ते अंगावर उडाले तर काय होते ते आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. तेल न काढता टरफले तशीच बॉयलरमध्ये टाकली तर त्या धुराने शेजारच्या वाड्यावर डोळे चुरचुरतात, घसा धरतो. कार्बनच्या हिशेबात तो कारखाना पहिला येईल आणि बक्षीसही घेईल. म्हणून मी म्हणते, बक्षिसाच्या अटीत धुराचीही अट हवी. प्रदूषण नियंत्रण मंडळाची चालू संमती असल्याशिवाय प्रूफ ग्राह्यच धरू नये. पुठ्ठेवाल्यांनी तेल काढलेली पेंड वापरली आहे, ती यापेक्षा बरीच बरी. पण असा फरक करणारा रकाना त्या एक्सेलमध्ये आहे का?

---

पुठ्ठेवाला (कुंडई)

नाही ताई. "बायोमास" एवढाच पर्याय आहे.

---

जमाखर्च (मडगाव)

मी सीए आहे. उसगावच्या प्रश्नाला पैशांच्या बाजूने उत्तर देतो.

हा दबाव येतो कुठून ते आधी. सेबीने २०२२-२३ पासून सर्वांत मोठ्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा, अहवाल सक्तीचा केला. २०२३ मध्ये त्यातल्या निवडक निकषांचा बीआरएसआर कोअर आणून पुरवठादारांपर्यंत हिशेब नेण्याचे ठरवले. पुढे पुरवठा साखळीचा हा भाग ऐच्छिक केला, आणि तोही ज्यांचा खरेदी-विक्रीतला वाटा २ टक्के किंवा जास्त आहे अशा भागीदारांपुरता. पुठ्ठेवाले, औषध कंपनीच्या एकूण खरेदीत खोक्यांचा एकटा पुरवठादार २ टक्क्यांवर जाणे कठीण. म्हणजे हा तक्ता भरण्याची कायदेशीर सक्ती तुमच्यावर नाही. गिऱ्हाईक मागते आहे, मग बोलणी करायला जागा आहे.

आता बक्षीस. बहुतेक ब्लॉकचेन योजनांत टोकन, म्हणजे साखळीवरचे डिजिटल नाणे, देतात. कृपया टोकन घेऊ नका. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे. एकातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून हस्तांतरणावर १ टक्का टीडीएसही. शिवाय त्याचा भाव उद्या काय असेल हे कुणीच सांगू शकत नाही. लहान कारखान्याला कशाची चणचण असते? खेळत्या भांडवलाची. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे मोठ्या गिऱ्हाइकाने ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. प्रत्यक्षात काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून प्रूफ मान्य झाले की बिल पंधरा दिवसांत, किंवा ट्रेड्स या बिले वटवण्याच्या ऑनलाइन व्यासपीठावर बिल वटवताना व्याजदरात अर्धा-एक टक्का सूट आणि तिचा भार खरेदीदाराने उचलायचा, असे बक्षीस मागा. ते रुपयांत येते, पुस्तकात नीट बसते, आणि तुमच्या गाडीवाल्यापर्यंतही झिरपू शकते.

---

मुरगाव बंदर

धागा चांगला चालला आहे, पण मूळ प्रश्न कुणी विचारला नाही. ब्लॉकचेन लागतेच कशाला? एक विश्वासू संस्था, एक साधा डेटाबेस, एक लेखापरीक्षक. झाले.

मी बंदरातल्या कामात आहे. २०१८ मध्ये मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी ट्रेडलेन्स हे जहाजी मालाच्या नोंदींचे ब्लॉकचेन व्यासपीठ काढले तेव्हा आमच्याकडे सगळे म्हणत होते की कागद संपले. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी ते बंद करत असल्याचे जाहीर केले. तंत्र चालत होते. पण एका स्पर्धकाच्या मालकीच्या व्यासपीठावर आपला माल, मार्ग आणि गिऱ्हाइके नोंदवायला बाकीच्यांचे मन लवकर तयार होईना. आणि ब्लॉकचेनला वीज किती लागते ते वेगळेच. उत्सर्जन कमी करण्यासाठी उत्सर्जन वाढवायचे?

---

मांडवीकाठ (पर्वरी)

विजेचे आधी सांगतो. बिटकॉइनबद्दल तुमचे म्हणणे खरे आहे, तिथे नवी नाणी मिळवण्याच्या, म्हणजे मायनिंगच्या, स्पर्धेत प्रचंड वीज जाते. पण इथेरियमने सप्टेंबर २०२२ मध्ये ती पद्धत सोडली आणि तिचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. आपल्याला लागते त्या कामाला तर ओळखीच्या दहा-वीस संस्थांनी मिळून चालवलेली बंद साखळीही पुरते. तिला काही सर्व्हरांएवढीच वीज लागते.

ट्रेडलेन्सचा धडा मला वेगळा दिसतो. तिथे माहिती सगळ्यांसमोर मांडायची होती आणि वहीचा मालक बाजारातलाच एक होता. ब्लॉकचेन लागते ती नेमकी या दुसऱ्या दुखण्यासाठी. वही खरेदीदाराच्या सर्व्हरवर असेल तर पुठ्ठेवाल्यांनी मार्चमध्ये दिलेला आकडा डिसेंबरमध्ये "आमच्याकडे असा दिसतो" म्हणून बदलला जाऊ शकतो. नियमही बदलू शकतात. मर्यादा आज एक, वर्षअखेर दुसरी. बक्षिसाची अट आधीच कोडमध्ये लिहून दोघांच्या सहीने साखळीवर ठेवली, तर ती एकट्याला बदलता येत नाही. विश्वासू तिसरी संस्था खरोखर उपलब्ध असेल तर डेटाबेस पुरेल, हे मात्र मान्य.

आणि नुसते "आम्ही खासगी ब्लॉकचेन वापरतो" यावरही जाऊ नका. हायपरलेजर फॅब्रिक या खासगी साखळी उभारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये खासगी माहितीचा वेगळा कप्पा करता येतो. मूळ आकडा त्या कप्प्याच्या सदस्यांकडे राहतो आणि बाकीच्यांना फक्त हॅश दिसतो. पण त्या कप्प्याचा सदस्य तुमचा खरेदीदारच असेल, तर ज्याच्यापासून लपवायचे त्यालाच सगळे दिसले. तुम्हाला लागते ते प्रूफ. कप्प्याने काम होणार नाही.

---

उसगाव तिस्क

सीएसाहेबांचे व्याजाचे पटले. आता माझ्या बाजूचे एक उदाहरण देतो.

कोकण रेल्वेची रोरो सेवा १९९९ पासून आहे. वेर्ण्याला ट्रक रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर चढवायचा आणि कोलाडला उतरवायचा. चारशेहून जास्त किलोमीटर इंजिन बंद. भरलेला दहा चाकी ट्रक घाटात लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देतो, म्हणजे एका खेपेला शंभर लिटरच्या वर डिझेल वाचले. टायर वाचतो, चालकाला झोप मिळते. आता तर तो मार्ग पूर्ण विजेवर आहे.

ही बचत कुणाची? मी म्हणतो माझी, ट्रक माझा. पुठ्ठेवाले म्हणतील माझी, माल माझा. औषध कंपनी म्हणेल माझी, ऑर्डर माझी. शेवटी जो मोठा तो नेणार.

---

मांडवीकाठ (पर्वरी)

भाऊ, तुम्ही या विषयाच्या गाभ्यावर बोट ठेवलेत. साखळीचा खरा उपयोग मला इथेच दिसतो.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवूया. हिशेबात एकच उत्सर्जन अनेकांच्या वहीत येणे चूक नाही. तुमच्या डिझेलचा धूर तुमचा स्कोप १, तोच पुठ्ठेवाल्यांचा आणि औषध कंपनीचा स्कोप ३. पद्धतच तशी आहे. पण बक्षीस मात्र एका बचतीला एकदाच मिळाले पाहिजे. कार्बन क्रेडिट, म्हणजे उत्सर्जन घटवल्याबद्दल मिळणारी आणि विकता येणारी प्रमाणपत्रे, यांच्या टोकनांत हाच गोंधळ झाला होता. एकदा वापरून रद्द झालेल्या क्रेडिटांवर टोकन काढून ती पुन्हा बाजारात फिरू लागली, आणि मे २०२२ मध्ये वेरा या नोंदणी संस्थेला ते थांबवावे लागले.

उघड वहीत दुबार दावा पकडणे सोपे आहे, खेपेचा क्रमांक बघायचा. पण क्रमांक उघड केला तर तुमचा ट्रक कधी, कुठून, कुणाचा माल घेऊन गेला हे सगळ्यांना कळले. यावर उपाय म्हणजे नलिफायर, जो झेडकॅशमध्ये एकच नाणे दोनदा खर्च होऊ नये म्हणून वापरतात. रोरोच्या पावतीवरून आणि तुमच्या गुप्त किल्लीवरून एक खूण तयार होते. एका पावतीची खूण नेहमी तीच येते, पण खुणेवरून पावती ओळखता येत नाही. दावा करताना खूण साखळीवर पडते. तीच खूण दुसऱ्यांदा आली की दावा बाद. अट एकच : किल्ली आधीपासून नोंदवलेली हवी, नाहीतर नवी किल्ली घेऊन कुणी तीच पावती परत चालवेल.

आणि वाटणी आधीच लिहून ठेवता येते. समजा बक्षिसातले साठ टक्के गाडीमालकाला, तीस माल पाठवणाऱ्याला, दहा पडताळणीला. ते प्रमाण तुम्ही लोकांनी बसून ठरवायचे आहे. तंत्र एवढेच करते की ठरलेले नंतर कुणाला मोडता येत नाही.

---

आल्तिनो

वकिलीच्या बाजूने थोडे. वाहनाचा मार्ग म्हणजे चालकाचा मार्ग. कुठे थांबला, कुठे झोपला, हे सगळे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ खाली वैयक्तिक माहितीत मोडते. हा कायदा माहिती खोडून मागण्याचा हक्क देतो, आणि साखळीवरून काहीच खोडता येत नाही. म्हणून चालकाचे नाव, परवाना क्रमांक, जीपीएसचा माग यांतले काहीही साखळीवर जाता कामा नये, हॅश करूनसुद्धा नाही. कारण मांडवीकाठ यांनी वर सांगितलेलेच, अंदाजाने जुळवता येते. मूळ नोंदी मालकाकडे, ठरावीक मुदतीने नष्ट करण्याच्या अटीसह.

आणखी एक धोका गोव्यापुरता मोठा आहे. "वसाहतीची सरासरी जाहीर करू, कुणाचे नाव नाही" असे सांगितले जाते. महाराष्ट्रातल्या मोठ्या औद्योगिक पट्ट्यात शंभर कारखान्यांची सरासरी काढली तर एकटा लपतो. आपल्याकडे एका वसाहतीत एका धंद्याचे दोन-तीनच कारखाने असतात. दोघांची सरासरी दिली तर प्रत्येकाला दुसऱ्याचा आकडा वजाबाकीने मिळतो. किमान किती जण असतील तरच सरासरी प्रसिद्ध करायची, ही अट करारात लिहून घ्या.

---

मुरगाव बंदर

पटले, पावतीच्या खुणेचे विशेष. माझ्या बाजूने एक भर घालतो. आमोणे, कुंकळ्ळी भागातले लोखंड-पोलादवाले युरोपला माल पाठवत असतील तर त्यांच्यासाठी हा प्रश्न आजचा आहे. युरोपीय संघाची सीमेवरची कार्बन यंत्रणा, म्हणजे सीबॅम, ऑक्टोबर २०२३ पासून फक्त अहवालापुरती होती, १ जानेवारी २०२६ पासून तिची आर्थिक जबाबदारी सुरू झाली. तीत सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खते, हायड्रोजन आणि वीज आहे. औषधे नाहीत, खोकी नाहीत. आणि तिथे युरोपबाहेरच्या कारखान्याला आपला तपशील थेट त्यांच्या नोंदणी व्यवस्थेत भरण्याची सोय केली आहे, म्हणजे प्रत्येक खरेदीदाराला कारखान्याचे पोट उघडून दाखवावे लागत नाही. ब्लॉकचेन नसतानाही खरेदीदाराला बाजूला ठेवता येते, हे त्यातून दिसते.

---

जमाखर्च (मडगाव)

मुरगावकरांनी चांगली आठवण केली. टनांच्या पुराव्याबद्दलही बोलायला हवे, कारण सगळे गणित टनांनी भागण्यावर उभे आहे. टन फुगवले की उत्सर्जन आपोआप कमी दिसते.

ई-इनव्हॉइसवर सरकारी पोर्टलची डिजिटल सही असलेला क्यूआर कोड येतो. ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ते सक्तीचे आहे. मला वाटले होते तीच सही प्रूफमध्ये वापरावी. पण त्या क्यूआरमध्ये दोघांचे जीएसटीआयएन, बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम, मुख्य मालाचा एचएसएन म्हणजे वर्गकोड आणि आयआरएन म्हणजे बिलाचा सरकारी नोंदणी क्रमांक असे मोजके तपशील असतात, वजन नसते. रकमेवर भागले तर दर वाढवणाऱ्याचे उत्सर्जन कमी दिसेल, तो न्याय नव्हे. ज्या खेपांना ई-वे बिल लागते, त्यांत मालाचे प्रमाण भरलेले असते, ते किलोत किंवा टनांत भरले असेल तर वजन मिळते. म्हणून रक्कम ई-इनव्हॉइसमधून आणि वजन ई-वे बिलातून घेऊन दोन्ही एकमेकांशी जुळतात का ते प्रूफच्या आतच तपासावे. मांडवीकाठ, होईल का हे?

---

मांडवीकाठ (पर्वरी)

होईल. सही तपासणे प्रूफच्या आत महाग पडते, म्हणजे लॅपटॉपला सेकंदांऐवजी मिनिटे लागतील. वर्षातून एकदा करायचे असेल तर काहीच अडचण नाही. ई-वे बिलाच्या वजनावर मात्र कुणाची स्वतंत्र सही नाही, ते पाठवणाऱ्यानेच भरलेले असते. तिथे ताईंचा काटा लागेल.

---

म्हादईची लेक (वाळपई)

लागेलच. आणि एक विनंती, बक्षीस "मागच्या वर्षापेक्षा किती कमी" यावर ठेवू नका. तसे केले तर ज्याने आजवर काहीच केले नाही त्याला सगळ्यात मोठे बक्षीस, आणि पुठ्ठेवाल्यांसारख्या आधीच बॉयलर बदललेल्याला शून्य. शिवाय पहिल्या वर्षी मुद्दाम जास्त जाळून आधाररेषा वर नेण्याचा मोह होतो, तो मी पाहिला आहे. टनामागे ठरावीक मर्यादा ठेवा, धंद्याप्रमाणे वेगळी.

---

पुठ्ठेवाला (कुंडई)

सगळ्यांचे मनापासून आभार. देव बरें करूं. इतकी सखोल चर्चा होईल असे वाटले नव्हते. दोन संध्याकाळी मुलासोबत बसून सगळे पुन्हा वाचले आणि गिऱ्हाइकाला पाठवायचा मजकूर लिहिला आहे. चुकत असेल तर सांगा :

"आपल्या मागणीप्रमाणे आम्ही उत्सर्जनाचा पुरावा द्यायला तयार आहोत. वीज, इंधन आणि टनांचे मूळ आकडे आमच्याकडेच राहतील. दोघांना मान्य असलेला लेखापरीक्षक वर्षातून दोनदा, त्यातल्या एकदा न सांगता, काटा, सबमीटर आणि इंधनाचा साठा तपासेल. तो गोपनीयतेच्या कराराने बांधलेला असेल आणि आपल्याला फक्त टनामागचे उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेखाली आहे की नाही हे कळवेल. मर्यादा वर्षाच्या सुरुवातीला लेखी ठरेल. जैवइंधन असल्यास कोणते, हेही तो नोंदवेल आणि प्रदूषण मंडळाची संमती चालू असल्याचे पाहील. मर्यादेखाली असल्यास पुढच्या वर्षभर आमची बिले पंधरा दिवसांत चुकती करावीत. वाहतुकीत रोरो वापरल्यास त्या खेपेच्या बक्षिसाचा ठरलेला वाटा थेट गाडीमालकाच्या खात्यात जावा."

पहिले वर्ष लेखापरीक्षकावर चालवू, असे आमचे ठरले. मांडवीकाठ यांच्या लखोट्यांची तयारी मुलगा आतापासून करतो आहे, म्हणजे प्रत्येक महिन्याचा आकडा यादृच्छिक संख्येसह बांधून तारखेसकट ठेवायचा. वसाहतीतले आणखी चार-पाच जण तयार झाले की साखळी उभी करू. एकट्यासाठी ती करण्यात अर्थ नाही, आल्तिनोंनी सांगितलेल्या वजाबाकीमुळेही.

---

उसगाव तिस्क

माझे नाव पहिल्या चार-पाचांत घ्या. गाडीवाले आणखी दोन आणतो. रोरोच्या पावत्या आजपासून फाईलला लावतो.

---

जमाखर्च (मडगाव)

मजकूर चांगला आहे. दोन दुरुस्त्या. लेखापरीक्षकाचे शुल्क खरेदीदाराने द्यायचे, पण त्याला काढून टाकायचे तर दोघांची सही लागेल, हे वाक्य घाला. नाहीतर जो पैसे देतो त्याचाच तो माणूस होईल. आणि "पंधरा दिवसांत" च्या पुढे "माल स्वीकारल्याच्या तारखेपासून" लिहा. तारीख मोकळी सोडली तर ते बिल पास झाल्याच्या दिवसापासून मोजायला लागतील.